टोरोरोला जाणारी बाई

एकट्याने परदेशी जायचे तर काय करावे, हे विचारायला दिग्रसमधले लोक हल्ली माझ्याकडे येतात. मी सांगतो: पासपोर्टसाठी बंडीला आतून खिसा शिवून घ्या, लशी आधीच टोचून घ्या, घोंगडी न्या, जवसाची चटणी न्या. माझ्या हातून झालेली चूक मात्र मी त्यांना सांगत नाही. जहाजावर मला आपल्याच मुलखाची एक म्हातारी भेटली होती आणि मी तिला माझे गाव खोटे सांगितले.

मी इथल्या जिनात (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात) कापसाची प्रत पाहतो. आमच्या मालकांच्या साडूचे युगांडात, जिंजा गावी, जीन आहे. तिथे एका हंगामापुरता पारख करणारा हवा होता आणि मालकांनी माझे नाव सुचवले. तोवर चाळिशी उलटली होती, आणि मूर्तिजापूरच्या पलीकडे मी कधी गेलो नव्हतो.

निघताना बायको मोटारीने दारव्ह्यापर्यंत आली. छोटी आगगाडी सुटायच्या वेळी ती खिडकीशी येऊन म्हणाली, "तिकडं कोनाशी तरी बोलत जा. तुमाले गप बसाची लय सवय हाये."

त्याच्या आदल्या आठवड्यात पुसदच्या एका कापडवाल्यांनीही मला सल्ला दिला होता. ते मोंबासाला जाऊन आलेले. "जहाजावर गाववाला भेटला तं तोंड फिरवा," ते म्हणाले होते. "एकदा वळख निंघाली का त्याचं सारं वझं तुमच्या डोक्यावर. कोनी इचारलं तं मुंबईचा म्हना. लोक दबून राह्यतात."

बायकोचे मी विसरलो, कापडवाल्यांचे लक्षात ठेवले.

मुंबईहून मोंबासाला जाणाऱ्या जहाजावर माझी जागा उघड्या डेकवर होती. ज्याने जिथे सतरंजी पसरली ती त्याची जागा. किनारा दिसेनासा झाला आणि जहाज एका अंगाला कलले. माझी पत्र्याची पेटी घसरत थेट कठड्याकडे निघाली. "अरे बाप्पा, गेली नं माही पेटी!" मी ओरडलो.

पेटी एका म्हातारीने पाय आडवा घालून थांबवली. अंगात आरशांची चोळी, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. आमच्याकडे आठवडी बाजारात दिसणारी बंजारा बाई अरबी समुद्रावर पाहून मी चमकलो.

"तुमी आमच्याइकडले व्हय का हो?" तिचा चेहरा उजळला होता. "दिग्रस? पुसद?"

मी नव्या कोटाची बटणे लावली. "नाही बाई, मी मुंबईचा."

"मुंबईचे?" तिने माझ्याकडे, मग पेटीकडे पाहिले. "बरं बरं."

तरी ती बोलत राहिली. महागावकडच्या एका तांड्यातली (बंजारा वस्तीतली) होती. मुलगा युगांडातच, टोरोरोजवळच्या जिनात फिटर होता आणि सुनेचे पहिले बाळंतपण होते. "तांड्यातले म्हने, याडी (आई), येकली कशी जाशीन? म्या म्हनलं, आपले बापजादे बैलाच्या मांगं मुलूखभर पायी फिरले. मी तं बसूनच चालली!" ती स्वतःच हसली. मग म्हणाली, "पोरगं बंदरावर येनार हाये. पन नाही आलं तं टोरोरोची गाडी कोनती, तुमाले ठावं असंन नं? तुमी कुठवर जाता?"

जिंजाची गाडी टोरोरोवरूनच जाते, हे मला माहीत होते. मी म्हणालो, "अजून ठरायचे आहे."

जेवताना मी तिच्याकडे पाठ करून बसलो. भाकरी मोडली, चटणीत बोटाने आळे केले, त्यात कच्चे तेल ओतले. मागून आवाज आला, "दशमी घ्या नं हो थोडी, दुधातली हाये." मी तोंडात घास असताना सांगितले की माझे जेवण झाले. त्यानंतर तिने काही विचारले नाही. सगळा समुद्र मी तिच्यापासून चार हातांवर मुकाट्याने ओलांडला.

मोंबासाला उतरलो तेव्हा ऊन आपल्या वैशाखासारखे होते, पण अंगाला चिकटणारे. नारळाची झाडे, पांढऱ्या भिंती, लवंगांचा वास. धक्क्यावरच्या पत्र्याच्या छपरात ती बोचक्यावर बसून येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा पाहत होती. माझ्याकडे पाहून तिने हात वर केला.

"ओ मुंबईवाले! माह्यं पोरगं दिसलं का कुठं?"

"येईल," मी म्हणालो आणि हमालाच्या मागे चालू लागलो. गाडी संध्याकाळची होती. परत जाऊन तिच्याजवळ बसायला वेळ भरपूर होता. तो मी स्टेशनच्या बाकावर काढला.

गाडी चढण चढत गेली. खिडकीतून पिवळे गवत, दूरवर हरणांचे कळप, मग नैरोबीची थंडी. घोंगडी अंगावर घेऊनही मी कुडकुडत होतो. पुढे माती लाल झाली, केळीच्या बागा लागल्या आणि एका सकाळी पाटी दिसली: टोरोरो. गावामागे एकच उंच खडक उभा होता. मी फलाटावर उतरून चहा घेतला. तिचा मुलगा तिला आणायला मोंबासाला गेला असेल, असे मी स्वतःला सांगितले. चहा अर्धाच प्यायलो.

जिंजा गाव देखणे आहे. समुद्रासारखे सरोवर, आणि त्यातून बाहेर पडणारी नाईल नदी. जिनात कापूस चांगला यायचा, तंतू लांब. काम जमले, माणसे जमली नाहीत. तिथल्या मालकांच्या घरी सारे गुजरातीत बोलत. स्थानिक कामगार मला म्हिंदी (हिंदुस्थानी माणूस) म्हणत. जेवायला मटोके (कच्ची केळी उकडून केलेला गोळा) मिळे. पहिल्या दिवशी मी ते गोडाचा पदार्थ समजून वर साखर मागितली आणि स्वयंपाकघरात हशा पिकला. तो किस्सा सांगायलाही मला तिथे कोणी नव्हते. रविवारी सरोवराकाठी बसायचो. बाजारात केळी विकणारी एक बाई रोज "करिबू" (या) म्हणायची. एकदा मी तिला वऱ्हाडीत म्हणालो, "काहून वं बाई, आज केळी लहान हायेत?" ती हसून तिच्या भाषेत काहीतरी बोलली. त्या आठवड्यातले माझे तेवढेच बोलणे.

अख्ख्या हंगामात "तुम्ही कुठले?" असे मला कोणी विचारले नाही. एकीने विचारले होते, तिला मी गप्प केले होते.

परत आलो. घरच्यांना भेटलो, जिनात हजर झालो, पण मन लागेना. शेवटी बायकोला सारे सांगितले. ती म्हणाली, "मंग इथं कायले बसले? महागावची मोटर सुटन नं."

आफ्रिकेत मुलगा असलेल्या बाईचा तांडा शोधायला वेळ लागला नाही. ती माझ्याआधीच परतली होती आणि अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मला पाहताच टोपले बाजूला सारून म्हणाली, "या मुंबईवाले! मुंबई सोडून इकडं कुठं?"

तिने मला खाटेवर बसवले, आतून भाकरी आणली, जवसाची चटणी वाढली, तेलाची वाटी पुढे सरकवली. "करा आळं. मुंबईचे लोक लय सफाईनं करतात."

"तवाच वळखलं होतं?"

"पेटी सरकली तवाच. चटणीत बोट घातलं तवा तं पक्कंच झालं." ती हसली. "मले वाटलं, कोनाचं काई असंन. काहून इचारावं?"

मी सुनेची चौकशी केली. तिने शेंगांचे टोपले पुन्हा पुढे ओढले.

"सुनेचं दुखनं येळेआंधी उठलं. तिले येकलीले टाकून पोरगं बंदरावर कसं येईन? थो चार दिसांनं आला. तवरोक मी थ्या छपरातच. मी पोचली तं नात होऊन गेलती." तिने हात झटकले. "बरी हाये पोरगी. पन माह्या हातावर घ्याची होती तिले. त्यासाठीच तं समुंदर पार केला."

मी चटणीत आळे केले, तेल ओतले. मग ताट बाजूला सारले.

"याडी," मी म्हणालो, "मी मुंबईचा नोहोय. दिग्रसचा व्हय. माही गाडी टोरोरोवरूनच गेली. तुमाले संगं नेता आलं असतं, म्या नेलं नाही. चुकलं माह्यं. माफ करा मले."