आठ मिलिमीटरचा दीडशहाणा

लग्नाची जोडी दुकानात शिरली की सोनार आधी त्यांच्या बोटांची पेरं बघायचा, चेहरे मागाहून. गल्लीत त्याला मागून ‘मिलिमीटर’ म्हणत, आणि मनातून त्याला ते आवडायचंही. अंगठी घडवून घ्यायला आलेल्याच्या बोटात तो आधी पितळेची अंगठी सरकवायचा.

"आठ दिवस घाला. भांडी घासा, पिशव्या उचला, एकदा कडाकडा भांडा. मग रुंदी-जाडी ठरवू."

तरी कोणी हट्टाला पेटलंच, तर काउंटरवरच्या काचेच्या वाटीतून तो एक कापलेली अंगठी काढायचा. आठ मिलिमीटर रुंद, तीन जाड.

"एका दीडशहाण्या गिऱ्हाइकाची. माझं ऐकलं नाही."

गिऱ्हाईक गुपचूप चारवर यायचं.

तो दीडशहाणा म्हणजे सोनार स्वतः. बाविसाव्या वर्षी सासऱ्यावर छाप पाडायला त्याने ती घडवली, आणि घाईत स्वतःचं बोट मोजलं मापाच्या अरुंद रिंगेने. रुंद अंगठी त्याच मापात आवळते, हे सोनाराने विसरावं! लग्नात ती साबण लावून चढवली. तिसऱ्या महिन्यात बोट वांग्यासारखं सुजलं, तेव्हा बायकोने दुकानातल्या बारीक करवतीने ती कापली. त्यानंतर त्याचं बोट मोकळंच राहिलं. बायको अठ्ठावीस वर्षं ती गिऱ्हाइकाची थाप पॉलिशच्या चाकाआडून ऐकत आली होती. तिने चकार शब्द काढला नव्हता, हसायची मात्र.

आणि आज मुलगी होणाऱ्या नवऱ्याला घेऊन आली. हा लिफ्ट दुरुस्त करणारा.

"काका, अंगठी दमदार पाहिजे. आठ मिलिमीटर."

सोनाराने त्याची पेरं बघितली. यंत्रात हात घालणारा माणूस. अंगठी अडकली तर बोटच जायचं. वाटीतली अंगठी काढावी, तर लेक लहानपणापासून प्रत्येक गोष्टीत नाक खुपसणारी. पण जावयाच्या बोटापुढे इलाज नव्हता. त्याने अंगठी काढली आणि नेहमीची थाप सुरू केली.

लेकीने भिंग उचललं.

"बाबा, आत तारीख कोरलीय. तुमच्या लग्नाची."

पॉलिशचं चाक थांबलं. अजून एखादी थाप ठोकून देता आली असती. पण समोर जावयाचा हात होता, नखांत ग्रीस असलेला.

"तो दीडशहाणा मीच," सोनार म्हणाला. "मिरवायला गेलो आणि बोट घालवून बसणार होतो. जावईबापू, कामावर अंगठी घालूच नका. घरी घालायला चार पुरे."

जावयाने आपल्या बोटांकडे पाहिलं.

"चारच करा, काका."

मुलगी तोंड दाबून हसत होती. बायको हात पुसत पुढे आली. मापाच्या अंगठ्यांच्या डब्यातून तिने पितळेची चार मिलिमीटरची अंगठी निवडली.

"अहो, बोट पुढे करा. आठ दिवस. भांडी घासायची."

"मी? या वयात?"

"अठ्ठावीस वर्षं वाट बघतेय, दुसरी कधी करताय म्हणून."

सोनार पार खजील झाला. आणि त्याला इतका आनंद झाला, की त्याने डाव्याऐवजी चुकून उजवा हात पुढे केला.

नवव्या दिवशी त्याने मोरीपाशी साबणाच्या हाताने अंगठी सहज काढून दाखवली.

"माप चोख आहे. आता सोन्याची घडवतो."

बायकोने त्याचं बोट उलटंसुलटं करून नीट तपासलं.

"माझी अजून खात्री नाही," असं म्हणून तिने अंगठी परत चढवली आणि तळाला करपलेली मोठी कढई त्याच्यापुढे सरकवली.