पहिल्या फेरीला मागे बसणारा मिस्त्री

दौलत मिस्त्री गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पुसदच्या आमच्या दुकानात भट्टीपुढे होतो. निरोप आणणाऱ्यालाच मी दरडावलं, "काल तं इथंच बसून राह्यलता तो." जणू तेवढ्यानं काही फिरणार होतं... त्याला आता दीड महिना झाला.

आमची जोडी जुनी. ट्रकची नुसती चेसिस यायची, म्हणजे चाकं, इंजिन आणि उघडा सांगाडा. ड्रायव्हर खोक्यावर बसून धूळ खात ती आणायचा. तिच्यावर दौलत सागवानाची बॉडी उभी करायचा आणि लोखंडाचं काम माझं. त्याचा हात सोन्याचा, तोंड तिखट. माझा बोल्ट गव्हाएवढा वाकडा असला तरी तो चार माणसांत दाखवायचा.

नागपूरला जाऊन तो बौद्ध झाला, त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही दुकान टाकलं. पहिलंच काम ढाणकीच्या एका शेठजींचं. ते हातचं गेलं असतं तर दुकानाला कुलूपच लागलं असतं. बॉडी चेसिसवर चढवण्याआधी मिस्त्रीनं नारळ फोडायचा, असा तेव्हा रिवाज होता. शेठजींनी नारळ पुढे केला आणि दौलतनं हात मागे घेतला. तुम्ही फोडा, माझी ना नाही, पण मी फोडणार नाही, म्हणाला. शेठजी चेसिस परत न्यायला निघाले. मी त्याला बाजूला ओढलं.

"काहून अडून राह्यला बे? एक नारळ तं हाय."

"नारळच फोडाचा होता, तं नागपूरले कायले गेलतो मी?"

मला त्याचा भयंकर राग आला, खोटं कशाला सांगू. माझ्या घरी पाच खाणारी तोंडं होती.

शेठजींनी विचारलं, "घाटात बॉडी सरकली तं कोण पाहीन?"

"मी पाहीन. भरल्या गाडीत पहिल्या फेरीले मांगं मी बसतो. सरकली तं माह्यासकट सरकन."

शेठजी बराच वेळ नारळ हातात फिरवत राहिले. मग तो सोबतच्या मुनीमाकडे दिला आणि म्हणाले, "चढवा."

कापसाच्या गाठींवर बसून दौलत घाट उतरला. त्यानंतर आमच्या दुकानातून निघालेल्या प्रत्येक गाडीवर तो पहिल्या फेरीला बसला. गिऱ्हाईकं आपणहून विचारायची, मिस्त्री येतील ना? नारळाचं पुन्हा कोणी त्याच्यापाशी काढलं नाही.

मागच्या आठवड्यात एक बॉडी तयार झाली. अर्धी त्याच्या हातची, उरलेली त्याच्या मापांवर पुरी केलेली. गाडीचा मालक घुटमळत म्हणाला, आता मागे कोण? मी चढलो. घाटात दुसऱ्या वळणावर गाठी एका अंगाला दाबल्या, लाकूड करकरलं, आणि मी डोळे गच्च मिटले. बॉडी तसूभर हलली नाही. पण घाट संपला तरी माझी बोटं फळीवरून सुटेनात.

घाट उतरून आला की दौलत अंग झटकून सरळ रंधा हातात घ्यायचा. याला भीती ठाऊकच नाही, असं मी दहा वर्षं धरून चाललो. त्यालाही वाटत असणार... दर वेळी वाटत असणार, आणि दर वेळी तो चढला. पुढच्या गाडीलाही मीच बसणार आहे.