सत्यशीलाचं कोरडं डोकं

धावड्याची सत्यशीला जवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत खिचडी शिजवायची. तिला माणसांची किळस यायला लागली ती चाई लागल्यापासून. आधी कानामागं रुपयाएवढं टक्कल पडलं, मग वर्षभरात डोईचे केस, भुवया, पापण्या, सगळं गेलं. लगेच जो तो वैद्य झाला. सासूनं, गोजरबाईनं, उंदराच्या लेंड्या तेलात वाटून डोक्याला चोळल्या. शी! त्या वासानं दोन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नाही, आणि केस म्हणाल तर एक उगवला नाही.

जालन्याच्या डॉक्टरबाईंनी मात्र नीट सांगितलं. शरीर आपल्याच केसांच्या मुळांवर उलटलंय, हे दुसऱ्याला लागत नाही. त्यांनी मानेला, डोक्याला आयोडीन लावलं, वर पिठासारखी पूड भुरभुरली आणि तिला उन्हात बसवलं. घाम येईल तिथं काळं पडणार होतं. मान काळी झाली, टाळू पिवळीच राहिली. काहींच्या घामाच्या ग्रंथीही मंदावतात, असं त्या म्हणाल्या. तेव्हापासून चुलीपुढं डोकं तापलं की ती ओलं फडकं बांधायची.

गावाला एवढं समजून घ्यायची फुरसत कुठली? मार्चातल्या एका दुपारी शाळा समितीचा अध्यक्ष कल्याण तिला कामावरून काढायचा ठरावच लिहून घेऊन आला. पोरांना वाढण्याआधी मोठ्या माणसानं खिचडीची चव घ्यायची, हा नियम. हा गडी चार महिने न चाखताच चवीच्या वहीत सही ठोकत होता.

"हिच्या टकलाचा घाम पडून राह्यला खिचडीत," तो मुख्याध्यापिका साधनाबाईंना म्हणाला. "पोरायला चाई लागली मंग?"

"डोक्याला घामच येत न्हाई मला," सत्यशीला म्हणाली.

"बिलकुल खोटं!"

पुरावा शोधायला तो उघड्या पातेल्यावर वाकला. वर तापलेला पत्रा, खालून वाफ. त्याच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर लोंबला आणि टपकन खिचडीत पडला. मागोमाग दुसरा थेंब.

सत्यशीलानं ताटली भरून त्याच्यापुढं धरली. "घ्या अध्यक्ष, चव घ्या."

साधनाबाई बघत होत्या. कल्याणनं घास तोंडाशी नेला आणि त्याला भडभडून आलं. ताटली खाली ठेवून तो ओसरीकडं पळाला. ठरावाचा कागद खिशातून निघालाच नाही.

सत्यशीलानं अख्खं पातेलं गुरांच्या घमेल्यात उपडं केलं आणि नवे तांदूळ धुवायला घेतले.

"पोरायला जरा दम धरा म्हणा, बाई," ती म्हणाली. "त्याच्या घामाची खिचडी मी कुणाच्या लेकराला न्हाई वाढणार."