सँडोमियेशचं कुंकू

भुतंखेतं, संकेत वगैरे माझ्या डोक्यात कधीच शिरले नाहीत. मी दुबईत रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोल बघते. डबा टेस्टमध्ये नापास झाला की परत जातो, एवढंच माझं तत्त्वज्ञान.

बाबा गेल्यावर चिपळूणचं घर बंद करून आईला आमच्या दुबईच्या फ्लॅटमध्ये आणलं. चैत्रात बिल्डिंगमधल्या बायका हळदीकुंकवाला आल्या, तर आई आपणहून बेडरूममध्ये जाऊन बसली. दार लावून. माणसांत येणं तिने सोडलंच होतं, आणि ती अशीच मिटत जाणार याची मला खरोखर भीती वाटत होती.

जुलैच्या सुट्टीत नवरा, लेक आणि आईसकट पोलंडला गेलो. क्राकूवहून एक दिवस सँडोमियेशला. टेकडीवरचं जुनं गाव, उतरता चौक, मध्ये विटांचा टाऊन हॉल, जवळच जुनी विहीर. लोक उन्हाने हैराण. आम्ही दुबईकर मात्र हवा खात होतो. आईला बाकावर बसवून आम्ही आइस्क्रीमच्या रांगेत लागलो. परत आलो तर बाक रिकामा.

तिच्याकडे फोन नाही, इंग्रजीही जेमतेम. चौकाला दोन चकरा मारल्या, आणि बघते तर आई शांतपणे बाकावर बसलेली.

"आजी, यू हॅव समथिंग रेड ऑन युअर फेस," लेक म्हणाली.

कपाळावर कुंकू होतं. टिकली नाही, बोटाने लावलेलं, थोडं नाकावर सांडलेलं.

आई म्हणाली, एका बाईने हाताला धरून घरात नेलं, पाणी दिलं. गोरीच, पण मराठी बोलत होती. निघताना करंडा काढला. आईने सांगितलं, मला चालत नाही, मालक गेले.

"मग ती म्हणाली, 'आमच्यात बाईला रिकाम्या कपाळानं धाडत न्हाईत. बसा की.'"

आई पक्की कोकणातली. घाटावरची बोली तिच्या तोंडी मी जन्मात ऐकली नव्हती.

घर कुठलं विचारलं तर तिने बोट दाखवलं. तिथे एटीएम होतं.

रात्री हॉटेलवर तिचं कपाळ पुसलेल्या टिश्यूवर लिंबू पिळलं. डाग पिवळा झाला. म्हणजे हळदीचं, घरी केलेलं कुंकू. बाजारातलं रंगाचं असतं तर बदललं नसतं.

दुबईला परतल्यावर नवऱ्याच्या कोल्हापूरच्या मित्राने सांगितलं, महायुद्धात पोलंडचे निर्वासित तिकडे वळिवड्याला छावणीत राहत होते. "खलास! सुटलं कोडं," नवरा म्हणाला. पण तेव्हाच्या मुली आज नव्वदीच्या असतील. आई म्हणते, बाई तुझ्याच वयाची होती. मी बेचाळीसची आहे.

श्रावणातल्या शुक्रवारी पुन्हा बायका आल्या. या वेळी आई बाहेर बसली, कुंकू लावून. दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिलं. शेजारणीची सासू, दोन वर्षांपूर्वी नवरा गेलेली, कोपऱ्यातून उठून हळूच दाराकडे निघाली होती. आई करंडा घेऊन तिच्यामागे गेली.

"आमच्यात बाईला रिकाम्या कपाळानं धाडत न्हाईत," आई म्हणाली. "बसा की."

अगदी त्याच बोलीत. ती बाई बसली आणि रडायला लागली... मीही.

टिश्यू माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे. त्यावरचा डाग टेस्टमध्ये पास झालाय. आला कुठून, ते मात्र मला आजही सांगता येत नाही.