झेनॉनची पिशवी

हॉस्पिटलात सगळे तिला गॅसबाई म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. बावीस वर्षं तिनं ऑक्सिजनची सिलिंडरं जोडली, काढली, त्यांचे दाब तपासले. ते काम तिला पटलेलं होतं. कॉक उघडला की फुसफुस ऐकू यायची, काटा हलायचा, आणि वर वॉर्डात कुणाच्या तरी ओठांवरची निळी छटा जायची. मग तिची बदली तळमजल्यावरच्या एका नव्या खोलीत झाली, आणि तिथं गेल्यापासून तिच्या डोक्याचा पार भुगा झाला.

त्या खोलीत झेनॉन नावाचा वायू तयार करत. म्हणजे वायू सिलिंडरमधून आयताच यायचा, पण एमआरआयला तो दिसत नसे. त्याला दिसण्याजोगा करायचं काम इथलं. एका लांबोडक्या काचेच्या कुपीत रुबिडियम नावाच्या धातूचा थेंब असे. कुपी तापवून त्याची वाफ करायची, त्या वाफेवर लेझरचा झोत सोडायचा, आणि त्यातून झेनॉन सावकाश पुढे जाऊ द्यायचा. पलीकडे तो द्रव नायट्रोजनच्या थंडीनं हिमासारखा गोठे. तो वितळवून एक लिटरच्या प्लास्टिकच्या पिशवीत भरला, टेबलावरच्या यंत्रानं तपासला आणि आकडा चांगला आला, की गॅसबाईनं पिशवी एमआरआयच्या खोलीत पोचवायची. पेशंटनं ती श्वासात ओढून घ्यायची, पंधरा सेकंद श्वास धरायचा. तेवढ्यात फुप्फुसाचा कानाकोपरा चित्रात उतरत असे.

गोंधळ हा होता, की तयार पिशवी आणि बिनतयार पिशवी यांत काडीचाही फरक नव्हता. वजन तेच, रंग नाही, वास नाही. बरं, तयार पिशवी तशी राहतही नसे. तासाभरात तिचा जोर आपोआप ओसरे आणि आत झेनॉन मात्र होता तेवढाच असे. खोलीच्या प्रमुख भौतिकवाल्या मॅडम, वयानं तिच्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांनी दोनदा समजावलं, की प्रत्येक अणूच्या पोटात एक चिमुकला चुंबक असतो, एरवी ते कसेही तोंडं करून असतात, आपण त्यांना एका दिशेला वळवतो. गॅसबाईनं दोन्ही वेळा मान डोलावली आणि दोन्ही वेळा ते डोक्यावरून गेलं.

घरी नवरा शिंपी. त्यानं विचारलं, की तू दिवसभर बनवतेस तरी काय. तिनं अणू, चुंबक, दिशा असं आठवेल तसं सांगितलं. तो सुईत दोरा ओवता ओवता थांबला.

"अगं, मखमलीसारखंच की. लव एका बाजूला बसवली की कापड चमकतं. जरा हाताळलं की लव विस्कटते, चमक जाते. कापड तेच."

"अहो, पण मखमल दिसते तरी."

तो पुन्हा शिवायला लागला.

सात-आठ महिने बरे गेले. मग एका आठवड्यात लागोपाठ तीन पिशव्या वाया गेल्या. टेबलावर आकडा उत्तम, आणि एमआरआयच्या पडद्यावर फुप्फुसांच्या जागी काळोख. तिन्ही पिशव्या एकाच पेशंटच्या. तो पोस्टमन होता. वीस वर्षं जिने चढलेला माणूस आता एका मजल्यात धापा टाकायचा. त्याचे एक्सरे स्वच्छ, रक्त स्वच्छ, सगळे रिपोर्ट स्वच्छ. ऑफिसात त्याला कामचुकार म्हणू लागले होते, आणि हळूहळू त्यालाही वाटू लागलं होतं, की आपण खरंच आजारी आहोत की नुसते आळशी झालोत.

तिसऱ्या खेपेला तो छातीवरचं जाकिटासारखं यंत्र उतरवून बाहेर बाकावर बसला. गॅसबाई रिकामी पिशवी घेऊन शेजारीच उभी होती.

"ताई, खरं सांगा, या पिशवीत काही होतं का?"

तिला खोटं बोलवेना. "खोलीतून निघाले तेव्हा होतं. वाटेत कुठं गेलं, मला नाही कळलं."

"माझंही असंच झालंय," तो म्हणाला. "दम कुठं जातो, कळत नाही."

त्या दुपारी मॅडमनी हलक्या आवाजात विचारलं, की पिशवीचा कॉक कधी सैल राहतो का. आत ऑक्सिजन शिरला तरी झेनॉनचा जोर मरतो. गॅसबाईनं रिकाम्या पिशवीचा कॉक फिरवून पाहिला. बावीस वर्षं ज्या ऑक्सिजननं माणसं वाचवली, तोच आता गुन्हेगार, आणि त्याला आत घेणारी ती. नाही म्हणावं तर खात्री नाही, हो म्हणावं तर आठवत नाही. नीट आवळला होता ना आपण कॉक? हाताला सवय झाली की हात काय करतो ते डोक्याला कळत नाही, हे तिला पहिल्यांदाच जाणवलं.

मॅडम तशा चांगल्या. बाहेरच्या चुंबकाच्या ओढीनंही अणूंची दिशा विस्कटते, म्हणून त्यांनी तिला एक लहानसं होकायंत्र दिलं आणि दोघी मिळून पिशवीची वाट चालत गेल्या. पिशवी ज्या नव्या ट्रॉलीवरून जायची तिच्यावर होकायंत्र ठेवलं, तर सुई उत्तर दिशा सोडून चक्क बाजूला वळली. ट्रॉली पोलादी होती. गॅसबाईला हायसं वाटलं, पण ते मधल्या दरवाजापर्यंतच. तिथं महिन्यापूर्वी विजेच्या चुंबकाचं कुलूप बसवलं होतं. त्याच्याजवळ सुई अशी फिरली, की दोघी बघतच राहिल्या. आता चोर कोण, ट्रॉली की कुलूप? आणि ट्रॉली असतानाही, कुलूप असतानाही, मधे चार-पाच पिशव्या सुखरूप पोचल्या होत्या, त्यांचं काय? मॅडमनी फळ्यावर बरंच लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी म्हणाल्या, "मलाही नक्की सांगता येत नाही." ते ऐकून गॅसबाईला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

नवऱ्यानं तिला छातीशी बांधायची जाड कापडी झोळी शिवून दिली. बटण नाही, चेन नाही, नुसत्या नाड्या. मॅडम हसून म्हणाल्या, की एका बटणानं काही बिघडलं नसतं. पण झोळी त्यांना आवडली.

पोस्टमन चौथ्यांदा आला त्या दिवशी गॅसबाईनं कॉक दोनदा आवळला, मॅडमना दाखवला, ट्रॉली बाजूला सारली, पिशवी झोळीत घेतली आणि कुलपाचा दरवाजा टाळून मागच्या अंगणातून वळसा घालून गेली. पावलं मोजून टाकली, धावली नाही. पोस्टमननं श्वास ओढला आणि धरला. ती काचेबाहेर उभी होती. तिनंही नकळत श्वास धरला.

पडद्यावर दोन्ही फुप्फुसं उजळली. तिचा जीव भांड्यात पडला. मग आतल्या डॉक्टरांनी दुसरं चित्र उघडलं आणि ते गंभीर झाले. वायू फुप्फुसात सगळीकडे पोचत होता, पण तिथून रक्तात उतरायला हवा तेवढा उतरत नव्हता. एक्सरेत हे कधीच दिसलं नसतं.

पोस्टमनला ते सांगितलं तेव्हा तो रडला. गॅसबाई धीर द्यायला पुढे झाली, तर तो हसतही होता.

"सापडलं, ताई. आहे माझ्यात काहीतरी. मी आळशी नाही."

अभिनंदन करावं की काळजीचा शब्द बोलावा, तिला सुचेना. दुखणं सापडलं म्हणून आनंदलेला माणूस तिनं आयुष्यात पाहिला नव्हता. तिनं त्याला प्यायला पाणी दिलं.

त्याच्यावर उपचार सुरू झाले. गुण किती येईल ते डॉक्टरही सांगत नव्हते. ऑफिसात त्याला बसून टपाल वेगळं करण्याचं काम मिळालं, आणि रिपोर्टाची प्रत तो खिशात घेऊन फिरतो असं कळलं.

खरा चोर मात्र सापडला नाही. एकेक गोष्ट वेगळी काढून तपासायची तर तेवढ्या पिशव्या मुद्दाम बिघडवाव्या लागल्या असत्या, आणि बाहेर पेशंटांची रांग होती. म्हणून कॉक, ट्रॉली आणि दरवाजा या तिन्हींची खबरदारी तशीच चालू राहिली. पुढे एक्सरे विभागातून एक निवृत्तीला आलेले गृहस्थ मदतीला आले. त्यांनी गॅसबाईबरोबर चार दिवस ती वाट केली आणि पाचव्या दिवशी विचारलं, की अंगणातून वळताना तुम्ही पिशवीवर डावा हात का ठेवता.

गॅसबाई थांबली. आपण तसं करतो हेच तिला ठाऊक नव्हतं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण तुम्हीही डावाच ठेवा."