फडात अडकलेला ओटीपी

विमानं पुन्हा सुरू झाल्याची बातमी आली त्या दिवशी शेलूबाजारहून वाशीमला जायला बस नव्हती. एसटीचा संप चालू होता. दोन वर्षं आभाळ बंद होतं. आता ते उघडलं तर खाली बसस्टँडवर कुत्री पाय ताणून झोपलेली. मला याचं जरा जास्त लागलं, कारण माझी सारी नोकरी बसस्टँडवर गेली. वाहतूक नियंत्रक होतो मी. काचेच्या खोलीत बसून माइकवर गाड्या पुकारायच्या, हे माझं काम. हजारो माणसं मी मार्गाला लावली असं मी सांगतो. त्यातली निम्मी चुकीच्या गाडीत बसवली असं माझी बायको सांगते.

मुलगी ऑस्ट्रेलियात. पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीप्रमाणे ती सातव्यात इकडं यायची होती. तेवढ्यात त्या देशानं दारं लावून घेतली, आपल्या देशानं विमानं उभी केली, आणि नातू तिकडंच झाला. बाळंतपण बायकोनं फोनवरून केलं. तिकडं जावई फोन भिंतीला टेकवून बाळाला अंघोळ घालायचे आणि इकडं आमच्या ओसरीतून सूचना सुटायच्या, मान धरा, मान धरा म्हणून. जावई इंजिनियर, पण डिंकाचा लाडू वळायला शिकले. नातू दीड वर्षाचा झाला तोवर त्याची पक्की समजूत झाली होती की आजी नावाचा प्राणी फोनमध्ये राहतो आणि चार्जिंग संपलं की झोपतो.

मग दुसऱ्या वेळची बातमी आली. तारीख मे महिन्याच्या सुरुवातीची. बायको एवढंच म्हणाली, “पयल्या खेपेले सरकार आडवं आलं. आता कोनी आडवं आलं तं मी आयकत नसतो.”

व्हिसा झाला, मुलीनं एप्रिलची दोन तिकिटं काढली. निघायला आठ दिवस उरले तेव्हा तिनं लसीच्या प्रमाणपत्रांचे फोटो मागितले. मी तयारीचा माणूस. शिबिरातून मिळालेल्या प्रमाणपत्रांच्या वाशीमला जाऊन रंगीत प्रिंट काढून, वर प्लास्टिक चढवून ठेवलेलं. झोकात फोटो पाठवले. मग फोन आला.

“बाबा, यावर पासपोर्टचा नंबर कुठं आहे? तो जोडावा लागतो. सोपं आहे. लस घेताना जो मोबाईल दिला होता त्यावर ओटीपी येईल, तो टाकायचा. तुमचाच नंबर दिला होता ना?”

मी हो म्हणालो. ज्या आवाजात मी तीस वर्षं ‘गाडी पाच मिनिटांत लागते’ म्हणत आलो, त्याच आवाजात म्हणालो. बायकोनं भाजी निवडता निवडता मान वर केली. तो आवाज ती ओळखते.

कारण नंबर माझा नव्हता.

झालं असं होतं. गावच्या शाळेत लसीचं शिबिर लागलं तेव्हा लोक सुईपेक्षा मोबाईल नंबर द्यायलाच जास्त भीत होते. नंबर दिला की खातं साफ होते, अशी हवा. शाळेत लाऊडस्पीकर होता आणि मी रिटायर होऊन दोन वर्षं माइकविना तडफडत होतो. मी तो धरला तो सोडलाच नाही. बेधडक नंबर द्या, असं पुकारलं. फक्त त्यावर कधी आकडा आला तर कोणाला सांगू नका; बँकवाला म्हटला तरी नाही, पोलीस म्हटला तरी नाही, अगदी मी मागितला तरी नाही. या शेवटच्या वाक्याला टाळ्या पडल्या, म्हणून मी ते तीनदा म्हटलं.

तरी शेजारच्या वस्तीतले लोक रांगेबाहेरच उभे. पाच-पन्नास घरांची वस्ती. दिवाळी झाली की निम्मीअधिक ऊसतोडीला जाते. त्यातला एक तिशी-पस्तिशीचा गडी पुढं आला. म्हणाला, “काका, तुमाले एवढा भरोसा हाय ना? मंग माह्या घरची चार नावं तुमच्या नंबरवर टाका, अन् तुमची दोघाईची माह्या नंबरवर.”

म्हणजे साटंलोटं. तुझी पोरगी माझ्या घरी, माझी तुझ्या घरी. एकानं वाकडं केलं तर दुसऱ्याच्या हातात ओलीस आहेच. लोक हसले. हातात माइक असताना माघार कशी घेणार? एका नंबरवर चारच नावं बसायची. त्याची चार माझ्या नंबरवर गेली आणि तो भरला. आमची दोन त्याच्या नंबरवर. अख्खी वस्ती रांगेत आली. दुसऱ्या डोसालाही तेच. ही हुशारी मी पुढं वर्षभर चहाच्या टपरीवर सांगत होतो. बायकोला मात्र सांगितली नव्हती.

आता सांगावी लागली. ती निवडलेली भाजी तशीच ठेवून आत गेली. ती चिडली की बोलते. गप्प होते ते निराळं.

त्या गड्याचा नंबर लावला. बंद. दिवसभर लावला. फोनमधली बाई इतक्या गोडीनं बंद असल्याचं सांगत होती की शेवटी तिचाच राग यायला लागला. मग स्कूटर काढून वस्तीवर गेलो. त्याचा म्हातारा बाप खाटेवर बसला होता. म्हणाला, “फडावर हाय थो. औंदा ऊस सरूनच नाही राह्यला.” त्याच्याजवळ एका चिठ्ठीवर, तोडणीची टोळी घेऊन गेलेल्या मुकादमाचा नंबर होता.

मुकादमाला फोन लावला आणि पहिल्याच वाक्यात ओटीपी हा शब्द काढला. त्यानं फोन कापला आणि माझा नंबर ब्लॉक केला. बायकोच्या फोनवरून लावला, तोही ब्लॉक. किराणा दुकानदाराचा फोन मागून लावला. दुकानदार आजही मला त्यावरून बोलतो. चौथा फोन शेजाऱ्याचा. तोवर अक्कल आली होती की ओटीपी म्हणायचं नाही. म्हणून म्हणालो, त्याच्या घरचा निरोप आहे, तातडीचा आहे, त्याला बोलवा.

बराच वेळ नुसता वाऱ्याचा आवाज. मग धापा टाकत तो आला. पहिलाच प्रश्न, “काका, बुढा गेला का?”

नाही रे बाबा, चांगला खाटेवर बसलाय, आत्ताच मला चहा घेता का म्हणाला, असं घाईघाईनं सांगितलं. मग तो म्हणाला, “असा निरोप काहून देता जी? कोयता टाकून पयत आलो मी.” माणसाला चुकीच्या गाडीत बसवणं निराळं आणि हे निराळं.

तरी काम सांगितलं. त्याचा नंबर रिचार्जवाचून बंद होता. तो मी इथून केला. फडात रेंज नव्हती. उसाची गाडी भरली की मोळ्यांवर चढून उभं राहिलं म्हणजे दोन काड्या येतात, असं तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी चारची वेळ ठरली.

चारला ओसरीत मी, बायको, दोन फोन, दोन पासपोर्ट. बायकोच्या फोनवरून त्याच्याशी बोलणं चालू, माझ्या फोनवर ते सरकारी पान उघडलेलं. बटण दाबलं.

“आला का आकडा?”

“आला.”

“सांग.”

“नाही सांगत काका.”

मला वाटलं रेंजमुळे चुकीचं ऐकू आलं. “काहून?”

“तुमीच सांगतलं होतं मायकावर. मी मांगतला तरी देऊ नका म्हने.”

“अरे, मग मीच मागून राह्यलो ना.”

“थेच तं.”

तीन मिनिटं गेली, आकडा बाद झाला. त्याला म्हणालो, तुला माझ्या आवाजाची खात्री नाही का? तो म्हणाला, हल्ली आवाज कोनाचाही काढतेत. तुमी खरे असाल तर स्टँडवर पुकारायचे तसं पुकारून दाखवा. मग काय करता? भर चार वाजता स्वतःच्या ओसरीत उभा राहून, मंगरूळपीर, शेलूबाजार मार्गे कारंज्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे, प्रवाशांनी घाई करू नये, असं मी पूर्ण सुरात पुकारलं. समोरच्या घरातली खिडकी उघडली. एक म्हातारी पिशवी घेऊन बाहेर आली आणि संप मिटला का म्हणून विचारू लागली.

तिकडं तो खो खो हसत होता. “आवाज तुमचाच हाय काका. पन मांगून तं तुमीच राह्यले ना.”

नियम माझा, शब्द माझे, तीनदा पुकारलेले. दुसराही आकडा बाद झाला. दाराजवळ बायकोनं भरून ठेवलेली बॅग होती. तीत मेथीचे लाडू, सुती लुगड्याची मऊ दुपटी. तिनं माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि त्याला म्हणाली, तुझ्या घरच्या बाईला फोन दे. ती खाली मोळ्या बांधत होती. फोन खाली गेला. बायकोनं आवाज मोठा करून ठेवला होता, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं.

“बाई, माह्या पोरीले नववा लागून राह्यला. मले तिच्यापाशी जायचं हाय.”

“कितवं हो काकू?”

“दुसरं.”

“अन् पयल्याचं कोनं केलं?”

“जावयानं.”

मग अगदी हळू आवाजात, “जावयानं?”

“काय करता. जाऊच देल्लं नाही कोनी.”

पुढचं ती बाई आम्हाला बोलली नाही. गाडीवर उभ्या नवऱ्याला ओरडून बोलली, “अवो, देऊन टाका थो आकडा. काका नाही मांगून राह्यले, काकू मांगून राह्यली.”

माझ्या घोषणेत काकूचं नाव नव्हतं. एवढी फट मला दोन आकडे बाद होईपर्यंत सुचली नव्हती. मी पुन्हा बटण दाबलं, फोन वर गेला, आणि तो एकेक आकडा सांगू लागला. बायको मोठ्यानं म्हणत गेली, मी टाकत गेलो. पान उघडलं. दोघांची नावं एकाखाली एक.

इथं कोणीही शहाणा माणूस थांबून श्वास घेतो. मी घरचा कर्ता. आधी स्वतःचं नाव दाबलं, हाताला लागलेला पासपोर्ट उघडला, नंबर टाकला, बरोबर असल्याचं कबूल केलं आणि पक्कं केलं. मग तिचं नाव दाबलं आणि दुसरा पासपोर्ट उघडला तर त्यात माझा फोटो. माझ्या प्रमाणपत्रावर बायकोच्या पासपोर्टचा नंबर चढला होता. खाली लाल अक्षरांत लिहिलेलं, एका नावापुढं नंबर एकदाच टाकता येतो. बायकोनं पाहिलं. तिनं मी खाली ठेवलेला स्वतःचा पासपोर्ट उचलला आणि तिच्या नावापुढचे आकडे स्वतः बोट दाबून टाकले. तिचं प्रमाणपत्र पाचव्या मिनिटाला हाती आलं. माझ्यासाठी दुरुस्तीचा अर्ज करायचा तर पुन्हा ओटीपी, आणि वर तीन आठवडे थांबणं. तोवर उसाची गाडी कारखान्याला निघून गेली होती आणि नंबर पुन्हा बंद.

ती एकटी गेली. आयुष्यात कधी अकोल्याच्या पुढं एकटी न गेलेली बाई. तिनं चुकू नये म्हणून मुलीनं विमानतळावर चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती. त्या खुर्चीत बसायचं म्हटल्यावर तिचा चेहरा काय झाला! “मले काय झालं? ह्यांईले बसवा,” असं ती खुर्ची ढकलणाऱ्याला म्हणाली. मला आत सोडलं नाही. काचेबाहेरून मी हात हलवत राहिलो. ती मांडीवर लाडवांची पिशवी धरून ताठ बसली होती आणि एकदाही मागं वळली नाही. नंतर म्हणाली, वळली असती तर उतरली असती.

पोहोचल्यावर अकराव्या दिवशी नात झाली. पहिली अंघोळ आजीनं घातली. या वेळी भिंतीला टेकवलेल्या फोनमध्ये मी होतो आणि मान धरा म्हणायचीही कोणी मुभा दिली नाही. त्याच फोनवर बायकोनं मला बजावलं, त्या बाईला कळवा. मुकादमानं नंतर शेजाऱ्याचा चौथा नंबरही ब्लॉक केला होता आणि गड्याचा बंदच होता, त्यामुळे निरोप राहिला.

पेरणीच्या तोंडाला वस्ती परत आली. दुसऱ्याच दिवशी तो आपणहून घरी आला, पायरीवर बसला. मी दुरुस्तीचा अर्ज उघडला, त्याच्या फोनवर आकडा आला. त्यानं तोंड दुसरीकडं फिरवलं आणि फोन माझ्यापुढं धरला. “मी काई सांगत नाही काका. तुमी वाचलं तं वाचलं.” दुरुस्ती व्हायला तीन आठवडे लागले. नवं प्रमाणपत्र, रंगीत, वर प्लास्टिक. झोकात फोटो मुलीला पाठवला.

तिचं उत्तर आलं, “बाबा, आता हे कोणी मागत नाही. परवाच नियम काढला.”

मागून बायकोचा आवाज, की आता येऊन काय करता, पुढच्या महिन्यात मीच येऊन राह्यलो. आणि मग, “त्या बाईले सांगतलं का, पोरगी झाली म्हणून?”

नवऱ्याजवळ निरोप दिला होता, असं मी म्हणालो. त्याच पाच मिनिटांत लागणाऱ्या आवाजात.

“तिच्याजवळ जाऊन सांगा,” ती म्हणाली. “फोन नका करू. तुमचं फोनवर कोनी खरं मानत नाही.”

मी स्कूटर काढली. ती बाई दारातच होती. मुलगी झाली, आजी वेळेवर पोहोचली, असं सांगितलं. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, “बरं झालं बाप्पा. जावई सुटला.”