कुंपणापलीकडची चाळीस पावलं

डेल रूटरने आपल्या होणाऱ्या साडूला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो साडू ताटात डोंगर बांधत होता. डेल आला होता मुलीला मागणी घालायला. अंगात उसना कोट. टेबलाच्या पलीकडे बसलेल्या थोरल्या जावयाने, म्हणजे ऑर्लिन स्टेनरूडने, सहज विचारलं, "कुठल्या रस्त्याने आलास?" डेल म्हणाला, "पुलाकडून." झालं. ऑर्लिनने चमचा उचलला आणि पुढच्या पाऊण तासात कुस्करलेल्या बटाट्यांतून आख्खी काउंटी उभी केली. रश्श्याच्या नद्या सोडल्या, गाजरांची कुंपणं घातली, वाटाण्यांच्या गायी चरायला पाठवल्या. उत्तरेकडचा भाग ताटात मावेना, तेव्हा त्याने डेलच्या ताटातले बटाटे ओढून घेतले. मग सासऱ्यांच्या ताटातला मटणाचा तुकडा उचलून सरकारी टेकडी म्हणून बसवला. सासऱ्यांनी तो परत मागितला नाही, कारण टेकडी अगदी बरोबर जागी होती. शेवटी ऑर्लिन म्हणाला, "पुलाकडून यायचं कशाला? ब्रेकेच्या रानाच्या फाटकातून आला असतास तर वीस मिनिटं वाचली असती." डेलला त्या घरातून बायको मिळाली ती नंतर. आधी रस्ता मिळाला, आणि तोही उपाशीपोटी.

ऑर्लिन टपालवाला होता. मोंटानातल्या त्या कोपऱ्यात रोज एकशे बारा मैल, चौतीस वर्षं. कुणाची गाय व्याली, कुणाचा मुलगा सैन्यातून पत्र पाठवत नाही, कुणाचं कुत्रं फक्त गुरुवारी चावतं, सगळं त्याला पाठ. शिकारीच्या दिवसांत हे ज्ञान सोन्याहून मोलाचं ठरे. कारण त्या मुलुखात दुसऱ्याच्या जमिनीत शिकारीला जायचं तर त्याची एक रीत होती. सप्टेंबरात स्वयंपाकघराच्या दाराशी जायचं. पुढच्या दाराने फक्त विमावाले आणि पाद्री येतात. हातात चोकचेरीच्या, म्हणजे तिथल्या आंबटतुरट रानफळांच्या, जॅमची बरणी असायची. अर्धा तास गवताबद्दल आणि पावसाबद्दल बोलायचं, शिकारीचं नावही काढायचं नाही. निघताना टोपी घालता घालता म्हणायचं, "मागच्या बाजूला जरा फिरलो तर चालेल ना?" समोरचा म्हणणार, "फाटक लावून घे म्हणजे झालं." नाताळात त्याच्या दारी सॉसेजचं पुडकं पोचवायचं. एवढाच करार. तो कुणी कधी कागदावर लिहिला नव्हता आणि कुणी कधी मोडलाही नव्हता.

ऑर्लिनच्या सत्तराव्या वाढदिवसाला त्याच्या मुलीने, ग्रेटाने, स्पोकेनहून एक यंत्र पाठवलं. मुठीत मावणारा जीपीएस. आत काउंटीतला जमिनीचा तुकडा न् तुकडा. सरकारी जमीन पिवळी, खाजगी पांढरी, आणि पांढऱ्यावर बोट टेकवलं की मालकाचं नाव. आपण कुठे उभे आहोत ते दाखवणारा एक लहानसा बाण.

"मी कुठे उभा आहे ते मला कळत नाही असं वाटतं का हिला?" ऑर्लिन म्हणाला.

"आपल्याला कळतंय रे," त्याची बायको मार्लिस म्हणाली. "कोर्टाला कळत नाही. गेल्या वर्षी तिच्या ऑफिसातल्या माणसाला दुसऱ्याच्या रानात शिरला म्हणून दंड झाला. घे मुकाट्याने."

यंत्राची फजिती करायची म्हणून ऑर्लिनने डेलला गाडीत घातलं आणि आपला जुना टपालाचा रस्ता धरला. तो गाडी चालवत नाव सांगायचा, डेलने पडद्यावर बोट टेकवायचं.

"टिलर."

"नाही. कसलासा ट्रस्ट आहे."

"टिलरच. त्याचं कुत्रं मला दोनदा चावलंय."

"कुत्री नकाशात दाखवत नाहीत."

"मग काय उपयोग?" ऑर्लिन म्हणाला. "पुढचा, नेलरॉय स्मेडली."

"दुसरंच कुणीतरी. कॅलिफोर्नियाचा पत्ता आहे."

असं तासभर चाललं. ऑर्लिनच्या डोक्यातल्या नकाशात साठ घरं होती, आणि त्यातली निम्मी माणसं आता चर्चमागच्या टेकडीवर कायमची राहायला गेली होती. उरलेल्यांची मुलं जमिनी विकून शहरात. ब्रेकेच्या फाटकाशी गाडी थांबली. फाटकाला नवं कुलूप, कुंपणाच्या खांबांना नारिंगी रंग, म्हणजे परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. ब्रेकेची म्हातारी गेली आणि रान विकलं गेलं, हे ऑर्लिनला ठाऊक होतं. कुणाला, ते ठाऊक नव्हतं.

"एमक्यू-सतरा होल्डिंग्ज," डेलने वाचलं.

"पहिल्या सोळांचं काय झालं?" ऑर्लिन म्हणाला. पण त्याने गाडी लगेच सुरू केली नाही.

हे जूनमधलं. त्याच महिन्यात ऑर्लिनला मूसची सोडत लागली. मूस म्हणजे घोड्याहून उंच, लांबोडक्या तोंडाचं रानजनावर. त्याच्या शिकारीचे परवाने वर्षाला मूठभर, आणि मागणारे हजारो. ऑर्लिन एकतीस वर्षं अर्ज करत होता. मार्लिस म्हणायची, "तुला मूसचा परवाना मिळायच्या आत मूसलाच तुझा मिळेल." पाकीट आलं तेव्हा त्याने ते तीन दिवस टेबलावर न फोडता ठेवलं. टपालवाल्याला पाकिटाच्या जाडीवरून आत काय आहे ते कळतं, म्हणे. चौथ्या दिवशी फोडलं आणि पुन्हा चिकटवलं.

परवाना होता ब्रेकेचं रान ज्यात येतं त्या भागाचा. मूस नेहमी ब्रेकेच्या ओढ्यावरच्या विलोच्या झुडपांत चरायचे. सप्टेंबरात ऑर्लिनने रीत पाळली. एमक्यू-सतराचं स्वयंपाकघर कुठे आहे ते सापडेना, म्हणून यंत्रात दिलेल्या, देशाच्या पार पूर्वेकडच्या एका टपालपेटीच्या पत्त्यावर सुवाच्य अक्षरात पत्र लिहिलं आणि सोबत जॅमची बरणी पाठवली. गवत यंदा बरं आहे, हेही कळवलं. बरणी तीन आठवड्यांनी फुटून परत आली. वर शिक्का, 'अनोळखी पार्सल स्वीकारले जात नाही.' पत्राचं उत्तर नाही.

"चौतीस वर्षांत मी एक बरणी फोडली नाही," ऑर्लिन म्हणाला. उत्तर न येण्यापेक्षा त्याला बरणी फुटल्याचंच जास्त लागलं होतं.

मग ऑक्टोबर. ओढ्याच्या अलीकडे सरकारी जमिनीची एक पिवळी पट्टी होती. तिथे जायचं तर दगडाधोंड्यांतून दोन मैल, आणि ऑर्लिनचे गुडघे आता प्रत्येक मैलाला स्वतंत्रपणे तक्रार नोंदवत. तरी सतरा दिवस तो आणि डेल रोज सकाळी नारिंगी जाकिटं घालून तिथे जाऊन बसले. रोज सकाळी मूस यायचा. रोज कुंपणाच्या पलीकडे, पांढऱ्या भागात, विलोचे शेंडे ओरबाडत उभा राहायचा. इतका जवळ, की त्याच्या चावण्याचा आवाज यायचा.

"त्याच्याकडेही यंत्र आहे बहुतेक," डेल कुजबुजला.

"गप बस. तो विचार करतोय."

"माझ्या बायकोच्या मैत्रिणीचा नवरा म्हणतो, चार पावलं पलीकडे गेलं तर कुणाला कळतंय."

"यंत्र आपली पावलं लिहून ठेवतं," ऑर्लिन म्हणाला. "आणि यंत्र नसतं तरी मी कुणाचं कुंपण विचारल्याशिवाय ओलांडलेलं नाही. आता काय सुरुवात करू?"

अठराव्या दिवशी मूसने उंबरठा ओलांडावा तशी ती काटेरी तार ओलांडली. ऑर्लिनने बंदुकीला हात लावायच्या आधी यंत्र बघितलं. मग मूसकडे, मग पुन्हा यंत्राकडे. बाण पिवळ्यात, मूस पिवळ्यात, रेषेपासून बावीस पावलं आत. तिसऱ्यांदा खात्री केली. तेवढ्या वेळात डेलने जन्मात कधी केली नव्हती तेवढी प्रार्थना केली. मग ऑर्लिनने गोळी झाडली. गोळी अगदी जिथे लागायला हवी तिथे लागली, हे डेल आजही शपथेवर सांगतो.

मूस क्षणभर उभा राहिला, काहीतरी विसरल्यासारखा. मग वळला, तार ओलांडली, पलीकडे चाळीस पावलं चालला आणि हळूच बसला. मग आडवा झाला.

सगळी रेषा, सगळी पावलं ऑर्लिनने मोजली होती. त्या जनावरालाही पाय आहेत, एवढंच त्याच्या हिशेबातून निसटलं होतं.

"चल," डेल म्हणाला आणि तारेवर पाय ठेवला.

"पाय काढ."

"ऑर्लिन, मेलाय तो."

"दिसतंय मला. पाय काढ."

त्यांनी फोन केल्यावर तासाभराने ट्रीना आली. ट्रीना हॉलस्टॅड त्या भागाची शिकार अधिकारी. तिच्या लहानपणीची सगळी वाढदिवसाची कार्डं ऑर्लिनने पोचवली होती. तिने टोपी काढली, मूसकडे पाहिलं, कुंपणाकडे पाहिलं आणि खाली बसली.

"तुम्ही पलीकडे गेलात तर मला तुमच्यावर केस लिहावी लागेल," ती म्हणाली. "मालकाची परवानगी हवी, जनावर आणायलासुद्धा. कायदा तसाच आहे."

"आणि तिथेच टाकलं तर?"

"मांस वाया घालवणं हाही गुन्हाच. तो मात्र मी लिहिणार नाही."

"मोठे उपकार झाले, पोरी."

तिने फोन लावले. पहिला बिलिंग्ज शहरातल्या एका माणसाला, जो एमक्यू-सतराच्या फाटकांची किल्ली सांभाळायचा. त्याच्याकडे किल्ली होती, परवानगी नव्हती. त्याने एका वकिलाचा नंबर दिला. तिथे एका मंजूळ आवाजाने सांगितलं की आपला निरोप महत्त्वाचा आहे. ट्रीनाने निरोप ठेवला, मग आणखी एक ठेवला, मग नुसतीच फोनकडे बघत बसली.

डेलने ट्रकमधून दोर आणला. फास करून दोनदा फेकला. दुसऱ्यांदा तो फास मूसपासून तीस पावलं अलीकडे एका ढेकळाच्या गळ्यात नेमका पडला.

"दोरालाही परवानगी नाही, डेल," ट्रीना म्हणाली.

"आणि सहाशे पौंडांचा मूस ओढणार कोण? तू?" ऑर्लिन म्हणाला.

त्या वर्षी ऑक्टोबर असूनही बाह्या वर सारून बसावं असं ऊन होतं. ऑर्लिनने घडीची खुर्ची मागवून कुंपणाला लागून मांडली आणि बसला. कावळे आले की ओरडायचा. कावळ्यांना पहिले दोन तास भीती वाटली. मार्लिस कॉफी आणि सँडविच घेऊन आली, बघून म्हणाली, "घरी चल." तो म्हणाला, "फोन येईल." दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा त्याच खुर्चीत. दुपारपर्यंत कावळ्यांनी ओरडण्याकडे लक्ष देणं सोडलं होतं आणि वारा वास घेऊन कुंपणाच्या या बाजूला यायला लागला होता. डेलने विषय बदलायचा म्हणून विचारलं, "त्या ओढ्याच्या पलीकडे कुणाचं घर होतं रे?" ऑर्लिनला ते माहीत होतं. पण त्याने यंत्र काढलं, बोट टेकवलं आणि वाचून दाखवलं.

संध्याकाळ व्हायच्या आत त्याने खुर्ची मिटली. परवान्याचा कागद जनावराच्या कानाला बांधायचा असतो. तो त्याच्या खिशातच राहिला होता. त्याने तो काढला, त्याची नीट घडी केली आणि पुन्हा खिशात ठेवला.

उत्तर एकोणीस जानेवारीला आलं. नव्या टपालवाल्याने ते चुकून शेजाऱ्याच्या पेटीत टाकलं होतं, शेजाऱ्याने आणून दिलं. एमक्यू-सतरा होल्डिंग्ज श्री. स्टेनरूड यांना एका जनावराच्या वाहतुकीसाठी, एका दिवसाकरता, पायी प्रवेशाची परवानगी देत होती. ऑर्लिनने ते पाकीट हातात तोललं आणि म्हणाला, "तिकीट जास्तीचं लावलंय."

सोडत लागलेल्या माणसाला त्या राज्यात पुढची सात वर्षं मूससाठी अर्ज करता येत नाही. ऑर्लिन पाचव्या वर्षी मार्चमध्ये वारला.